तळाच्या वतीनं

सन २०११, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. कोकणात भातं कापून झाली होती, खाचरं मोकळी पडली होती.

“मग अंगठा देताय ना, आप्पा?”

अजिनाथने हे तिसऱ्यांदा विचारलं. मायाप्पा मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

माणदेशातून घाट उतरून आलेला धनगरांचा तळ होता तो. दहा चुली, सहाशे मेंढरं, आणि मायाप्पा त्याचे कारभारी. अजिनाथचा बाप लवकर गेला. मेंढरू तोंडावरून ओळखायला त्याला आप्पांनी शिकवलं, आणि दहाव्या वर्षी बोर्डिंगात घातलं तेही आप्पांनीच. आता तो पुण्यात एम. ए. करत होता. वक्तृत्वाच्या सात ढाली त्याच्या खोलीत मांडलेल्या होत्या.

परदेशात मेंढपाळांच्या तरुण मुलांची परिषद भरायची होती. आपल्या देशाकडून एकच प्रतिनिधी जाणार होता. अर्जावर जमातीतल्या जाणत्या माणसाची शिफारस लागत होती. ती अजिनाथने स्वतःच लिहून आणली होती, आणि चांगली लिहिली होती. अंगठा तेवढा राहिला होता. अर्ज पोचवायला सात दिवस उरले होते.

“तिथं जाऊन काय करायचं?” आप्पांनी विचारलं.

“बोलायचं.”

“कुणाच्या वतीनं?”

“सगळ्या देशातल्या मेंढपाळांच्या.”

काटा निघाला. आप्पांनी तो बोटावर धरून पाहिला आणि फेकून दिला.

“सगळ्या देशाच्या...”

त्यांनी मेंढीचा पाय सोडला. मग म्हणाले, “उद्या तळ हलवायचाय. पुढच्या गावात जा. मेंढरं बसवायला रान माग. आधी तळाच्या वतीनं बोलून ये.”

रात्री मेंढरं बसली की खाचराला खत होतं, आणि शेतकरी त्याबद्दल तळाला भात देतो. हे ठरवायला एकच माणूस पुढे जातो. तो बोलेल ते सगळ्या तळाचं बोलणं. हे काम आप्पांनी आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

अजिनाथने बूट चढवले. चुलीशी बसलेल्या सगुणा आत्याने विचारलं, कुठं निघालास रं? त्याने चालता चालता हात हलवला.

दिवस मावळायला तो परतला तो छाती काढूनच. गावकरी आधी तयार नव्हते म्हणाला. मग त्याने तासभर खताचं शास्त्र सांगितलं. पाच रातींचा करार झाला, आणि दर रातीला नेहमीपेक्षा दोन पायली भात जास्त.

“पाण्याचं काय?” आप्पांनी विचारलं.

“पाण्याला लागूनच रान घेतलंय. काठोकाठ भरलंय, आप्पा. आपल्याकडं दहा पावसाळ्यांत एवढं पाणी दिसायचं नाही.”

“बरं,” आप्पा म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ तिथे पोचला. तहानलेली मेंढरं पाण्याकडे धावली. त्यांनी तोंडं घातली, झटकली, आणि सगळीच्या सगळी मागे वळून माणसांकडे बघत उभी राहिली.

अजिनाथला नदी वाटली ती भरतीची खाडी होती. पाणी खारं होतं.

बापे माणसांत कुजबुज झाली. मागं फिरू, एकजण अजिनाथकडे बघत म्हणाला, आज्यानं दिलेला शब्द आज्याच निस्तरेल.

“शब्द तळानं दिलाय,” आप्पा म्हणाले. “पाच राती बसायचं.”

गोडं पाणी अर्ध्या कोसावर, गावाच्या वरच्या अंगाला विहिरीत होतं. कळप चरायला जाईल तेव्हा वाटेतल्या ओढ्यावर पिईल. पण नुकत्या व्यालेल्या मेंढ्या, कोकरं, घोडी आणि माणसं यांना पाणी तळावरच लागतं. बायकांनी मुकाट्याने घागरी उचलल्या.

सगुणा आत्या साठीच्या पुढची. तिसरी खेप उतरवून ती दम खात बसली. अजिनाथ तिच्यापुढे उभा राहिला.

“आत्या, हे पाणी खारं आहे, तुला ठाऊक होतं?”

“बावीस वर्सं इकडं येतीय. कुठल्या गावात गोडं पाणी कुठं, सारं ठाऊक हाय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुठं निघालास म्हणून इचारलं की. तू हात हलवलास.”

ती हसली. त्याला ते हसणं जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने आत्याच्या घागरी उचलल्या. पुढचे सगळे दिवस तिला घागरीला हात लावू दिला नाही. पहिल्या खेपेला निम्मं पाणी अंगावरच सांडलं. बायका पदरात तोंड घालून हसल्या. साहेब, मान सरळ धरा, एक म्हणाली, भाषणात हलवता तशी हलवू नका.

भरली घागर डोक्यावर असली की फार बोलता येत नाही. तो ऐकत गेला. वाटेतच बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी परत चालू लागलेली कोण, हे त्याला कळलं. दर मुक्कामाला नवी शाळा म्हणून शाळाच सुटलेल्या पोरी कोणत्या, रानातून जाऊ द्यायला कोकरू मागणारे कोण, तेही कळलं. हे सगळं त्याच्याच तळावर घडलेलं होतं. शिफारशीत त्यातलं एक अक्षर नव्हतं.

पाचवी रात सरली. सकाळी त्याने शेवटची घागर उतरवली. आत्या ती कलती करून ओंजळभर पाणी प्याली.

“फिटलं रं तुझं,” म्हणाली आणि बिऱ्हाड घोड्यावर लादायला गेली.

अजिनाथ आप्पांपुढे येऊन बसला. अर्जाची घडी त्याच्या मुठीत होती.

“हे राहू द्या, आप्पा. मला तळाचं पाणी ठाऊक नव्हतं. देशाचं मी काय सांगणार?”

आप्पांनी हात पुढे केला. त्याने कागद दिला.

शाई नव्हती. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग वाटीत होता. आप्पांनी त्यात अंगठा बुडवला, कागदावर दाबला, आणि फुंकर घालून वाळवत बसले.

“आप्पा, पण मी...”

आप्पांनी कागदाची घडी केली आणि त्याच्या खिशात घातली.

“नवाची एसटी हाय,” ते म्हणाले. “चुकवू नको.”