कुंदलतेच्या छातीतले दोन पदर

एका राज्यात राजाच्या अपराधाची शिक्षा त्याच्या लेकीला भोगावी लागली. राजा अजेयसेनाने धूम्राक्ष मांत्रिकाचे अरण्य जाळले. मांत्रिक आत होरपळला. मरता मरता त्याने शाप दिला, "राजा, तुझ्या लेकीला तिचा श्वासच टोचेल!"

त्याच दिवशी लहानग्या कुंदलतेला ज्वर भरला. श्वास घेतला की बरगडीत सुरी खुपसल्यासारखी कळ येई. खोकला आला की डोळ्यांपुढे अंधारी. वैद्य दाराआड कुजबुजत. आपल्या छातीत नाग शिरला आहे, असे तिने मनाशी धरले. नाग डिवचला जाऊ नये म्हणून ती चिमणीएवढा श्वास घेऊ लागली. तिचे ओठ काळवंडले.

एके सायंकाळी करपल्या पंखांची एक म्हातारी साळुंकी गवाक्षात उतरली.

"माझ्या छातीत नाग आहे का गं?" कुंदलतेने विचारले.

"नाग नाही, बाळे. तुझ्या फुप्फुसांभोवती दोन तलम पदर आहेत. एक फुप्फुसाला बिलगलेला, दुसरा बरगड्यांना आतून. मध्ये थोडा ओलावा असतो, म्हणून ते एकमेकांवरून अलगद सरकतात. शापाने ते सुजून खरखरीत झाले. तू श्वास घेतेस तेव्हा ते घासतात. तीच ही कळ."

"मी मरेन?"

"श्वास चोरू नकोस. चोरलास तर दुखणे बळावेल."

उशाशी बसलेल्या राजाने हात जोडले. "शाप मागे घ्यायला सांग."

"कोणाला सांगू? त्याला तू जाळलेस," साळुंकी म्हणाली. "आता शाप झिजवावा लागेल. कामे तीन. जळल्या अरण्यातली कडू मुळी तू स्वतः खणून आण, तिचा काढा हिने रोज प्यावा. खोकताना हिने उशी छातीशी घट्ट धरावी. आणि दुखले तरी रोज सावकाश खोल श्वास घ्यावा."

राजा राखेतून अनवाणी हिंडला. कोळसा झालेली घरटी पाहत तो मुळी खणू लागला. मुळी घेऊनच परतला.

काढा विषासारखा कडू. कुंदलता ओकली, पुन्हा प्याली. उशी कवटाळून खोकली. खोल श्वासाच्या वेळी ती राजाचा हात नखे रुतेपर्यंत दाबी.

"बाबा, अरण्य का जाळलेत?" एकदा तिने विचारले.

"शिकारीला मोकळे रान हवे होते."

तिने त्याचा हात सोडला. त्या दिवशीचा श्वास तिने एकटीने घेतला आणि एकटीच रडली. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा धरला.

ज्वर उतरला. कळ बोथट होत गेली, आणि एका सकाळी उरलीच नाही. कुंदलतेने रणशंख मागून घेतला आणि छाती भरून फुंकला. नाद फाटका निघाला, पण दरीपलीकडे पोचला.

राजाने त्या अरण्यात कुऱ्हाड आणि मशाल नेण्यास बंदी केली. शाप सरला. जळलेली झाडे मात्र पुन्हा उभी राहिली नाहीत. राजकन्येचा श्वास मोकळा झाला, ऐकणाऱ्यांचाही मोकळा राहो.