दारातली विहीर

"मग नारळ उभा राहिला तो काय उगाच, बुवा?"

रामहरीने हे विचारलं तेव्हा दौलुबुवा मठीपुढच्या कातळावर मिरच्या वाळत घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दौलुबुवा म्हणजे त्या पठारावरचे जुने पाणाडी. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी दाखवलेल्या बहुतेक विहिरींना पाणी लागलं होतं, आणि ज्यांना लागलं नाही त्यांची नावं ते स्वतःहून सांगत. रामहरी तीन वर्षं त्यांच्या मागे हिंडून ही विद्या शिकला होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

खरं तर त्या तीन वर्षांत बुवांनी त्याला उंबर कुठे वाढतो, मुंग्या वारूळ कुठे करतात, एवढंच बघायला लावलं. पाणी असलेल्या जागी तळहातावरचा आडवा नारळ आपोआप उभा राहतो, असं लोक मानत; पण नारळ ते अगदी शेवटी काढत, तोही लोकांचं समाधान व्हावं म्हणून. रामहरीच्या तळहातावर मात्र नारळ कधी हलायचा नाही. याचं त्याला फार वाईट वाटे.

मग गेल्या महिन्यात त्याने तालुक्याला एक शिबिर केलं. डोळे मिटा, हवं ते मनात स्वच्छ बघा, ते मिळालंच आहे असं धरून चाला, म्हणजे ते आपल्या पायांनी तुमच्याकडे येतं. असं तिथे शिकवलं. रामहरीला ते एकदम पटलं. घरी येऊन त्याने नारळ तळहातावर आडवा ठेवला, डोळे मिटले, आणि नारळ शेंडी वर करून असा ताठ उभा राहिला की बघणाऱ्यांनी हात जोडले. तेव्हापासून स्वारी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होती.

"कुठं उभा राहिला?" बुवांनी विचारलं.

"माझ्या दारात. तुळशीपास्नं चार पावलांवर."

"सोयीचं हाय."

बुवांनी एक किडकी मिरची उचलून बाजूला टाकली.

"चेष्टा करू नका, बुवा. उद्या सकाळी कुदळ पडणार हाय. अख्खी वस्ती येणार..."

ते खरंच होतं. खडकवस्तीची माणसं उन्हाळाभर राबून एक विहीर खणू शकत होती. ती कोरडी गेली तर दुसऱ्यांदा कुणी कुदळ उचलणार नव्हतं, आणि बायकांचं घळीत उतरून डोक्यावर पाणी आणणं काही सुटणार नव्हतं. सगळे रामहरीच्या शब्दावर थांबले होते. तो आज नवा नारळ घेऊन आला होता तो फक्त आशीर्वादासाठी.

"हितं करून दाखव," बुवा म्हणाले.

"हितं? ह्यो तर कातळ हाय. हितं कुठलं पाणी?"

तरी त्याने नारळ हातावर घेतला. नारळ मुकाट पडून राहिला.

"बघा," रामहरी म्हणाला. त्याला बरंच वाटलं.

बुवा उठले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी रामहरीचे डोळे बांधले, त्याला जागच्या जागी दोनदा फिरवलं आणि दंड धरून चालवायला सुरुवात केली. पायांखाली पाचोळा आला, मग मऊ माती, मग आणखी काहीतरी. बरंच फिरवल्यावर बुवा थांबले.

"आता धर, की तू तुझ्या दारात हायस. तुळस चार पावलांवर."

रामहरीने धरलं. त्याने अंगण बघितलं, तुळस बघितली, काठोकाठ भरलेली विहीर बघितली...

नारळ थरथरला आणि ताठ उभा राहिला.

बुवांनी उपरणं सोडलं. तो कातळावर उभा होता. चहूबाजूंनी लाल मिरच्या पसरलेल्या होत्या.

रामहरीने हातातल्या नारळाकडे बघितलं.

"म्हंजी मनाची ताकद खोटी?"

"खोटी कशी? नारळ उभा राहिला की."

"मग..."

बुवा पुन्हा मिरच्यांपाशी बसले.

"डोळं मिटल्यावर आधी काय दिसतं रे तुला?"

भरलेली विहीर, असं रामहरी सांगणार होता. पण ते तोंडातून निघेना.

"तानीचा हात," तो म्हणाला.

तानी त्याची बायको. मागच्या चैत्रात भरल्या हंड्यासकट ती घळीच्या वाटेवर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. ती अजून हंडा आणते, दुसऱ्या हाताने. ती उंबऱ्यात हंडा उतरवते तेव्हा रामहरी काहीतरी काम काढून परसात जातो. त्याला ते बघवत नाही.

"पाणी दारात यावं, एवढंच मागतोय मी. वाईट मागतोय का, बुवा?"

"न्हाई," बुवा लगेच म्हणाले. "लई चांगलं मागतोयस."

मग त्यांनी विचारलं, "वस्तीच्या म्हशी दुपारी कुठं बसत्यात?"

"खाली, उंबराच्या खोलगटात. पण ते लांब पडतं. येताना चढ हाय, बायांना तेवढाच..."

"मी म्हशींचं इचारलं."

त्या खोलगटात भर वैशाखातही गवत हिरवं असतं, हे रामहरीला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असलेलं आपण कधीपासून बघायचं सोडलं, ते मात्र त्याला आठवेना.

"लोकांनी नारळ उभा राहिलेला बघितलाय, बुवा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आता मी त्यांस्नी काय सांगू?"

बुवांनी त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि मिरच्यांच्या कडेला ठेवून दिला.

"नारळ तुझं ऐकतोय, रामहरी. पाण्याचं कोण ऐकायचं?"