फ्रान्सची बरणी आणि पोखरलेली तिवई

समुद्रकाठच्या एका गावात एक शेठाणी होती. तिच्या दिवाणखान्यात फ्रान्स देशाची एक जुनी बरणी होती. आजेसासऱ्यांना ती गलबतावरच्या एका कप्तानाने दिलेली. होती मातीचीच, पण वर पांढरा चकचकीत लेप आणि त्यावर निळी फुलं. माती ती माती, फ्रान्सची असली म्हणून काय झालं? पण हे शेठाणीला कोण सांगणार!

बरणी एका उंच नक्षीदार तिवईवर ठेवलेली असे. शेठाणी रोज तिवईला तेल लावून चमकवायची. खाली वाकून मात्र कधी बघायची नाही. खाली केर काढायला मोलकरीण होती.

एके दिवशी मोलकरीण म्हणाली, "बाई, तिवईच्या पायाखाली रोज पिवळा भुसा पडतोय. पाय आतून भुंग्यानं पोखरलाय."

"केर काढायचा सोडून तिवईची नाडी बघतेस होय?" शेठाणी म्हणाली.

चार दिवसांनी हळदीकुंकू होतं. मोलकरीण पुन्हा म्हणाली, "बाई, आजच्या दिवस बरणी खाली पाटावर ठेवू."

"पाटावर? जेवायला बसलीय का ती? आणि ऐक, बरणीला नुसता चरा गेला तरी उद्यापासून कामावर येऊ नकोस."

मोलकरणीच्या घरात कमावणारी ती एकटीच. ती पुन्हा केर काढायला वळली.

संध्याकाळी बायका जमल्या. आज बरणी उठून दिसावी म्हणून शेठाणीने तिच्यात काठोकाठ पाणी भरलं आणि शेवंतीचा मोठा गुच्छ खोचला. घटकाभरात तिवईचा पाय कडकन मोडला. बरणी फरशीवर पडली आणि तिचे तुकडे तुकडे झाले.

"हिनंच धक्का दिला!" शेठाणी ओरडली.

मोलकरीण दारात उभी होती. दोन्ही हातांत पानसुपारीचं तबक होतं.

वैद्याची म्हातारी बायको उठली. तिने तिवईचा मोडका पाय उचलून हातावर आपटला. ओंजळभर भुसा पडला.

"अगं, हा पाय कधीचाच मेलाय. हिला कशाला बोल लावतेस?"

"मी हिला सांभाळायला ठेवली होती!"

"मी दोनदा सांगितलं होतं, बाई," मोलकरीण म्हणाली.

"उलट बोलतेस? चालती हो!"

मोलकरणीने तबक खाली ठेवलं आणि ती निघाली. वैद्यीणबाई तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली. "उद्यापासून माझ्याकडे ये. आल्या आल्या आधी घरातलं सगळं लाकूडसामान बघ. काय वाईट दिसेल ते तोंडावर सांग."

शेठाणीने दुसरी तिवई करवून घेतली, पहिलीहून दुप्पट नक्षीची. तिच्यावर माळ्यावर ठेवलेली आजेसासऱ्यांचीच दुसरी बरणी मांडली. नवी मोलकरीणही ठेवली. ती शहाणी आहे. तिला खाली पिवळा भुसा दिसला, तरी ती मुकाट्याने झाडून टाकते.

तात्पर्य एवढंच: खरं सांगणाऱ्याला घराबाहेर काढता येतं, पण त्याने सांगितलेलं घरातच राहतं.