नावाआधीचं अक्षर

"माझ्या नावाआधी हे लावलंच कसं?"

रत्नाकरपंत कोठेकर अंक पुढं धरून उभे होते. शहरातले मोठे लेखक. नदीकाठच्या आमच्या मठात यायचे, सोमगिरीबाबांना गुरू म्हणायचे.

मला काही वाचता येत नाही. त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. लेखावर त्यांचं नाव, आणि नावाआधी 'कै.'. गेलेल्या माणसाला लावतात ते.

"दिवाळी अंक आहे, बाबा. गावोगाव गेलाय. सकाळी बहीण रडत दारात आली. दार मीच उघडलं."

"मग?"

"मला बघून पडलीच ती."

बाबा हसले नाहीत. "संपादक काय म्हणतो?"

"म्हणतो, लेख बरेच दिवस पडून होता. मधे तुमचं नाव कुठं दिसलं नाही... वाटलं, गेलात."

पंतांनी अंक बाबांपुढं ठेवला.

"तो तुमचा शब्द मोडत नाही, बाबा. त्याला सांगा, सगळे अंक परत मागव. जन्मभर राबून हे नाव केलंय मी."

बाबा काही बोलायच्या आत एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात तोच अंक.

"बाबा, एक दिवा लावायचाय."

"कुणासाठी, माय?"

"हे लिहिणाऱ्यासाठी." तिनं पान उघडलं. "ह्यांचा भाऊ लहानपणीच गेला, तरी आई रोज त्याचं ताट मांडायची, असं लिहिलंय. आमचा पोरगा गेल्यापासून मालक बोलत नव्हते. काल हे वाचून दाखवलं. लई रडले... मग भाकरी मागितली."

पंतांनी आपला अंक हळूच पालथा घातला.

"माणूस जिवंत असता, तर पाया पडले असते," बाई म्हणाली.

बाबांनी काड्यापेटी उचलली. बाईला दिली नाही. पंतांपुढं धरली.



शेवटी पंतांनी ती घेतली. पहिली काडी विझली. दुसरीनं वात धरली. बाईनं हात जोडले. काडी बोटांपर्यंत जळत आली, तरी पंतांनी ती टाकली नाही.

बाईनं ते पाहिलं. हळूच विचारलं, "तुम्ही ओळखत होता का हो दादा, त्यांना?"

पंतांनी बाबांकडं पाहिलं.

"नाही, माय," बाबा म्हणाले. "आजच भेटतायत."