झुल्याची लोकर

मेंढ्या माणसांपेक्षा जास्त बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या एका कळपात झुल्या नावाचा मेंढा होता. त्याच्या काळ्याभोर लोकरीचा डौल असा, की पाणवठ्यावरच्या शेळ्याही वळून बघत.

उन्हाळ्याच्या तोंडावर लोकर कातरणारे आले, तेव्हा झुल्या ओढ्याकाठच्या झुडपांत दडून बसला. संध्याकाळी परतला तर सगळा कळप बोडका. तो हसून म्हणाला, "चार जणांत जायचं, तर अंगावर काही नको का?"

भुरी नावाची म्हातारी मेंढी म्हणाली, "अन् वाऱ्याला अंगाशी यायला वाट नको का रे बाबा?"

वैशाख तापला. माळावर बाभूळ एकच, आणि तिच्या सावलीत कोकरं बसत. एका दुपारी झुल्याला भोवळ आली आणि तो तिथेच येऊन कोसळला. कोकरं मुकाट्यानं उठली आणि उन्हात जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही बसा," त्यांतलं सगळ्यांत लहान म्हणालं. "आमच्या अंगावर काही नाही. आम्हाला चालतंय."

झुल्याला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन कातरणाऱ्यांची पालं शोधत गेला. पालं केव्हाच उठली होती.

मग उन्हाळाभर तेच. तो दिसला की कोकरं सावली सोडून उठायची. पाणवठ्यावर शेळ्या अजून वळून बघायच्या, तेव्हा तो तोंड फिरवायचा. लोकरीवरून त्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.