दौलतराजांच्या मोटारीची मोरमूठ

मूठ काही केल्या निघेना!

टाकळगडच्या दौलतराजांची नवीकोरी मोटार राजवाड्यापुढे उभी होती आणि राजे तिच्यात पाय ठेवायला तयार नव्हते. जुन्या मोटारीच्या गिअरच्या दांड्यावर चांदीची, मोराच्या आकाराची मूठ होती. थोरल्या महाराजांनी, म्हणजे राजांच्या आबासाहेबांनी, ती हौसेनं घडवून घेतली होती. हा मोर नव्या मोटारीत गेल्याशिवाय आपण त्या मोटारीत बसायचं नाही, असा राजांचा हट्ट. आता राजहट्टच तो, त्यापुढे कोण बोलणार?

ड्रायव्हर हैबती मान्यानं मूठ ओढून पाहिली, पिळून पाहिली. शेवटी पाय रोवून असा हिसडा दिला की तोच दारातून बाहेर धुळीत जाऊन पडला. मोर आपला जागच्या जागी, मान ताठ! हैबतीनं कपडे झटकले आणि पक्कड मागवली. झालं, राजे कडाडले.

"पक्कड? आबासाहेबांच्या मोराला? उद्या माझ्या मिशीला लावशील! खबरदार, आता या मुठीला कुणी हात लावायचा नाही, हत्यार लावायचं नाही. आणि तरीही दिवस मावळायच्या आत ती निघाली पाहिजे. नाही निघाली, तर हैबती, उद्यापासून तू हत्तीखान्यात!"

हैबतीचं तोंड एवढंसं झालं. हत्ती लांबून दिसला तरी त्याला घाम फुटायचा. आणि मोटार म्हणजे तर त्याचा जीव की प्राण. घरी जेवताना ताटापुढेही त्याचा डावा हात गिअर टाकत असायचा.

त्याची लेक हौसा दुपारची भाकरी घेऊन आली. बापानं भाकरीकडे बघितलंसुद्धा नाही. मोटार सुटली तर आपला आबा खंगून जाईल, हे हौसाला पक्कं ठाऊक होतं.

"आबा, तुम्ही जेवून घ्या. मी बघते," ती म्हणाली.

"तू काय बघणार, पोरी? हात लावायचा नाही म्हणतात."

हौसानं मुठीकडे बघितलंच नाही. ती बघत बसली राजांकडे. राजे झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते आणि पंखेवाला वारा घालत होता.

"असा वारा घालतात होय रे? आण इकडे!" म्हणत राजांनी पंखा हिसकावला आणि स्वतःच वारा घालून दाखवला. मग सरबत आलं. "लिंबू असं पिळतात? सर बाजूला!" राजांनी स्वतः लिंबू पिळलं आणि बी आपल्याच डोळ्यात उडवून घेतली.

हौसाला हसू आवरेना. ती पदर सावरत पुढे झाली.

"सरकार, मी काढते मूठ. हात नको, हत्यार नको. कढत पाणी, तेल आणि एक पंचा चालेल ना?"

कारभारी विसाजीपंत मध्येच म्हणाले, "पंचा? पंचा हे हत्यारच झालं!"

"मग तुम्ही रोज आंघोळीला हत्यारबंद जाता का, कारभारी?"

राजांच्या मिशा हलल्या. "चालेल," ते म्हणाले.

हौसानं मुठीच्या बुडाशी तेल सोडलं. वरून पाण्याची धार धरून मूठ चांगली तापवली, पुन्हा तेल सोडलं. मग लांबूनच पंच्याचा वेढा मुठीला टाकला, दोन्ही टोकं धरली आणि लागली ताक घुसळायला! पंचा सरसर घसरत होता, मूठ हलत नव्हती. राजे खुर्चीच्या कडेवर आले.

"अगं, ती फिरकीची आहे. घुसळून काय निघणार? डावीकडे फिरव!"

"असं होय, सरकार?" म्हणत हौसानं नेमकं उजवीकडे ओढलं.

राजे उठले. "उजवीकडे नाही! घट्ट होईल ती!"

"बरं, सरकार." पुन्हा उजवीकडे. वर हौसानं जोर लावल्यासारखे डोळे मिटून दात खाल्ले.

राजे जुन्या मोटारीशी आले. त्यांच्या हाताची बोटं वळवळू लागली. हौसानं आता पंचा चक्क मुठीऐवजी खालच्या दांड्यालाच गुंडाळला.

"अरे देवा! सर बाजूला, आण इकडे!"

राजांनी पंचा हिसकावला, आत घुसले, पंच्यासकट मोराला पंजात आवळलं आणि डावीकडे असा पीळ दिला की मूठ कुरकुरली. आणखी एक पीळ. मोर गरगर फिरला आणि राजांच्या हातात आला!

"हे बघ! अशी काढतात!" राजांनी मूठ उंच धरली.

विसाजीपंत चाचरत म्हणाले, "पण सरकार, हात तर लागला. आपलाच."

"हुकूम आम्हाला होता, कारभारी," हौसा म्हणाली. "सरकारांना हुकूम देणारा कोण आहे टाकळगडात?"

राजांनी मुठीकडे बघितलं, पंच्याकडे बघितलं, मग हौसाकडे. "म्हणजे मूठ मीच काढली. मग पोरी, तू काय केलंस?"

"मी नुसती चुकत राहिले, सरकार. आपल्यासमोर माणूस मन लावून चुकला, की काम झालंच म्हणून समजायचं!"

हैबतीनं डोळे मिटून घेतले. पण राजे हसायला लागले. आधी मिशीत, मग पोट धरून, मग इतके की मोटारीच्या भोंग्यावरच रेलले आणि भोंगा वाजत राहिला. अख्खा टाकळगड बाहेर धावत आला.

राजांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून हौसाच्या ओंजळीत ठेवला. मोर नव्या मोटारीच्या दांड्यावर चढला, हैबती ड्रायव्हरच्या जागी बसला, आणि त्या मोटारीची पहिली फेरी हौसाला मिळाली.