राजाचा राहिलेला दगड

"आठ दिवसांत असा कर शोधून काढ, जो लोक हसत हसत आणून देतील! शिपाई कुणाच्या दारात जाणार नाही आणि राज्यातलं एकही घर सुटणार नाही. नाही जमलं, तर हत्ती धुवायचे!"

उंबरगडच्या राजा मकरंदसेनाचं हे फर्मान ऐकून सगुणाला घामच फुटला. तांबटाची ही पोर नुकतीच पाठशाळेतून करशास्त्राची पदवी घेऊन आली होती. राजाची करसल्लागार म्हणून नोकरीचा आज पहिला दिवस, आणि पहिल्याच घासाला हा खडा! आधीचे तीन सल्लागार खाली हत्तीखान्यात सोंडा घासत होते. तिघेही पदवीधरच!

पहिल्याने मिशीवर कर बसवला, तर रातोरात अख्खं गाव सफाचट! दुसऱ्याने सावलीवर बसवला, तर लोक फक्त भर दुपारी घराबाहेर पडू लागले. तिसऱ्याने जांभईवर बसवला. तेव्हापासून तीन वर्षं सगळा दरबार ओठ घट्ट मिटून, नाकपुड्या फुगवून बसत होता. खजिन्यात नुसता खडखडाट, आणि तिकडे तळ्याचा बांध खचत चाललेला. तो फुटला तर राजवाड्यासकट सगळं गाव वाहून जाणार होतं.

सगुणा घरी आली. पाठशाळेच्या पोथ्या उलथ्यापालथ्या केल्या, पण हसत हसत द्यायचा कर एकीतही नव्हता. दुकानात बाप आहेराच्या भांड्यांवर नावं घालत बसला होता.

"बाबा, या वाटीवर नाव नाही घातलंत?"

"वाटी देणारा म्हणतो, राहू द्या, नाव कशाला! हंडा देणारा मात्र डोक्यावर उभा राहतो. अक्षर मोठं काढा म्हणतो!"

सगुणा ताडकन उठली. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! तळ्याच्या बांधाला दगड बसवायचे आहेत. जो दगडाचे पैसे भरेल, त्याचं नाव त्यावर कोरलं जाईल. आठव्या दिवशी सगळी नावं चारचौघांत वाचली जातील. ज्याला झेपणार नाही, त्याने नाही दिला तरी चालेल हो!"

ते शेवटचं वाक्य गावाला मिरचीसारखं झोंबलं.

"झेपणार नाही? आम्हांला?" पाटील गरजले आणि हातभर दगडाचे पैसे भरून आले. संध्याकाळी कळलं, त्यांच्या व्याह्यांनी दोन हातांचा भरलाय. पाटील त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी तीन हातांचा भरला, तेव्हा कुठे घास उतरला! गोधड्या शिवणाऱ्या गजराआजीने नारळाएवढा दगड दिला आणि नाव पाटलांएवढं ठसठशीत कोरून घेतलं. खजिन्यापुढे ही रांग! तक्रार एकच, की रांग पुढे सरकत नाही!

आठव्या दिवशी राजा हत्ती-दरबारासह बांधावर आला. सगळं गाव जमलं होतं. नावं वाचता वाचता तो एकदम थबकला. बांधाच्या मधोमध एका दगडाची जागा रिकामी होती.

"सापडलीस!" राजाने टाळी वाजवली. "एक घर सुटलं! कोण तो करबुडवा? आणि तू त्याला सोडलंस?"

"घर तसं मोठं आहे, महाराज," सगुणा हात जोडून म्हणाली. "दारात हत्ती झुलतात. पण दवंडीतच सांगितलं होतं, झेपणार नाही त्याने नाही दिला तरी चालेल. म्हणून मी तगादा लावला नाही. नाव मोठ्यांदा वाचू का?"

राजाचे कान लाल झाले, मिशी थरथरली, आणि मग तो असा खदखदून हसला, की मुकुट घरंगळत तळ्याच्या काठाला गेला!

"नको, नको, वाचू नकोस! माझा दगड लिहून घे! आणि पाटलांपेक्षा बोटभर का होईना, मोठा!"

"मग जिंकले मी, महाराज! शेवटचं घरसुद्धा हसत हसतच कर देतंय!"

राजाला पुन्हा हसू आवरेना. "माग, काय हवं ते माग!"

"हत्तीखान्यातले तिघे माझ्या हाताखाली द्या. आणि तो जांभईवरचा कर तेवढा काढून टाका."

"काढला!" राजा म्हणाला.

म्हातारे दिवाणजी याच शब्दाची तीन वर्षं वाट पाहत होते. त्यांनी आ वासला. त्यांच्यामागे सगळ्या दरबाराने, दरबारामागे गावाने, आणि सगळ्यांत शेवटी हत्तींनी!